फुलपाखराच्या कोषातून माशी निघाली तेव्हा

पत्राचा सारांश: निपाणी भागातल्या एका खेड्यातून एका आईनं लिहिलंय. मुलगा सहावीत. परसातल्या कढीपत्त्यावरच्या १४ अळ्या त्यानं श्रावणात प्लास्टिकच्या बरणीत पाळायला घेतल्या. चार फुलपाखरं झाली, त्यातल्या एकाचे पंख चुरगळलेलेच राहिले. सहा अळ्या काळ्या पडून, लिबलिबीत होऊन मेल्या. त्या बाईंनी पहाटे उठून उकिरड्यावर टाकल्या आणि मुलाला सांगितलं, "झाकण उघडं राहिलं, निघून गेल्या." मग दोन कोषांना बारीक भोक पडून चिलटांसारखं काहीतरी बाहेर आलं आणि तिसऱ्यातून चक्क घरमाशीसारखी माशी निघाली. तेव्हा मुलगा समोरच बसला होता. त्या दिवशी तो जेवला नाही आणि आता "या माश्या मारायचं औषध आण" म्हणून मागं लागलाय. एक कोष अजून तसाच आहे. घरी ऊस, सोयाबीन, थोडी तंबाखू. सासरे म्हणतात, "आम्ही अळी मारायला पैसे घालतोय आणि सूनबाई अळ्या पाळतेय." सासूबाईंच्या कढीपत्त्याचा खराटा झालाय. नवऱ्यानं मोठ्या पतंगांचे कोष ऑनलाइन मागवायचं काढलंय. बाई विचारतात: माझं चुकतंय कुठं? हे सगळं थांबवू का? या मुक्या जिवांना मी वाचवतेय का मारतेय?

ताई,

तुमच्या पत्रातला हिशेब मी आधी कागदावर मांडला. १४ अळ्या. ४ फुलपाखरं, ६ मेल्या, ३ कोष दुसऱ्यांनी खाल्ले, १ शिल्लक. तुम्ही याला तुमच्या हातून झालेली हत्या म्हणताय. मला हा निकाल बरा वाटतो, आणि तुमचं मन राखायला म्हणत नाही. समजा, तुमच्या कढीपत्त्यावरच्या एका फुलपाखरानं, म्हणजे लिंबाच्या पाकोळीनं, शंभर अंडी घातली आणि सगळी जगली. त्यातल्या पन्नास माद्या धरल्या तर पुढच्या खेपेला पाच हजार. त्याच्या पुढच्या खेपेला अडीच लाख. लिंबाच्या पाकोळीची अंड्यापासून उडण्यापर्यंतची फेरी साधारण महिन्याभराची, म्हणजे श्रावणात सुरू केलेला हा हिशेब दिवाळीपर्यंत पुरा होतो, आणि मग निपाणीपासून संकेश्वरपर्यंत कुणाच्या फोडणीला कढीपत्ता मिळणार नाही. तसं होत नाही, कारण शंभरातली सरासरी दोनच शेवटापर्यंत पोचतात. तुमच्या बरणीत चौदातली चार पोचली.

म्हणून 'वाचवतेय का मारतेय' हा प्रश्न मी जरा बाजूला सारतो. लिंबाच्या पाकोळीला तुम्ही वाचवायची गरज नाही. लिंबू, मोसंबी, कढीपत्ता जिथं आहे तिथं ती मजेत आहे. लिंबाच्या रोपवाटिकेत विचारलंत तर ती कीड म्हणूनच ओळखली जाते. तुम्ही तिच्यावर उपकारही करत नाही आणि अपकारही. तुम्ही आणि तुमचा मुलगा बघताय, एवढंच. आणि बघायला चौदा लागत नाहीत. दोन पुरतात. फार तर तीन.

पत्रात मला टोचली ती गोष्ट वेगळीच आहे. पहाटे उठून टाकलेल्या त्या सहा अळ्या. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढं गेलात, पण मला वाटतं गाठ तिथं बसलीय. तुमचा मुलगा शेतकऱ्याच्या घरातला आहे. वासरू दगावलेलं त्यानं बघितलं असेल, कोंबड्यांवर रोग आलेला बघितला असेल. मरण त्याला नवीन नाही. पण बरणीत आतापर्यंत कुणी मेलंच नव्हतं, कारण मेलेलं त्याला दिसू दिलं नव्हतं. त्यामुळे कोषातून माशी निघाली ती त्याच्यासाठी आभाळ फाटल्यासारखी निघाली. त्याला सांगून टाका. "त्या सहा निघून गेल्या नव्हत्या, मेल्या होत्या, मी टाकल्या. तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले." एवढंच. निसर्गाच्या नियमांवर प्रवचन नको. 'कुठं टाकल्यास' असं विचारेल, तर जागा दाखवा. मला तर वाटतं त्याला संशय आहेच. झाकणातून चौदातल्या नेमक्या सहाच कशा गेल्या, हा हिशेब सहावीतल्या मुलाला येतो.

आता माश्यांचं औषध. ते आणू नका, आणि नाही का म्हणताय ते समजवायला मामंजींना बसवा. हो, त्यांनाच. ऊस आहे म्हणताय, तर खोडकिडीसाठी 'ट्रायकोकार्ड' त्यांनी कधीतरी पानाला टाचलं असेल, नाहीतर शेजाऱ्याच्या फडात बघितलं असेल. त्या कार्डावर काय असतं हे मुलाला विचारायला लावा. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात, आणि ती एका पतंगाचीच असतात: जुन्या तांदळात, ज्वारीत जाळी करणारा तो भुरकट पतंग. प्रयोगशाळेत तो ज्वारीच्या भरड्यावर मुद्दाम पाळतात, त्याची अंडी गोळा करतात, आणि डोळ्याला जेमतेम दिसेल एवढ्या ट्रायकोग्रामा नावाच्या माशीला त्यात तिची अंडी घालू देतात. शेतात ती माशी बाहेर येते आणि खोडकिडीची अंडी शोधून त्यात आपली पोरं वाढवते. खोडकिडीच्या अंड्यातून अळी निघतच नाही. शेतकी खातं अशांना मित्रकीटक म्हणतं, आणि कार्ड लावल्यावर फवारणी करू नका म्हणून सांगतं, नाहीतर विकत आणलेला मित्र आपल्याच औषधानं मरतो.

तुमच्या कोषातून निघालेली चिलटं ट्रायकोग्रामा नव्हेत. तीही परजीवीच, पण कोवळ्या, नुकत्याच झालेल्या कोषाला भोक पाडून आत अंडी घालणारी. एका कोषातून अशा कितीतरी निघतात. घरमाशीसारखी निघाली तिचं कुळ वेगळं. तिची आई अळीच्या अंगावर अंडं चिकटवून जाते आणि आतली अळी बाहेरच्या अळीला हळूहळू खाते, मोक्याचं सगळ्यात शेवटी. पण धंदा तिघींचा एकच. पोरानं ज्या माशीला खुनी ठरवलंय तिच्याच चुलत बहिणीसाठी आजोबा पैसे मोजतात. सोयाबीनवर जी अळी पडते तिच्या अंगावर कधी तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसतात. मामंजींना म्हणा, दिसले तर नातवाला दाखवा आणि तेवढी अळी मारू नका.

मामंजींचं बोलणं तुम्ही टोमणा म्हणून घेतलंत. असेलही. पण तुमच्या घरात अळीच्या सवयी ज्याला पाठ आहेत असा माणूस तोच आहे. तंबाखूवरची अळी दिवसा मातीत दडते आणि रात्री खाते, तिची अंडी पुंजक्यानं असतात आणि वर केसांची मऊ गादी असते, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्यांच्यापासून लपवून पाळण्यापेक्षा त्यांना विचारून पाळा. एक अट मात्र दोघांनी मान्य करायची: शेतातली अळी घरात आणायची नाही आणि घरातली शेतात सोडायची नाही.

आता त्या सहांचं. काळी पडून, लिबलिबीत होऊन, वास सुटून मेली म्हणजे रोग, आणि रोगाचं माहेर तुमची बरणी. झाकणाला चार भोकं पाडून भागत नाही. पावसाळ्यात ओलं पान आत टाकलं, खाली लेंड्या साठल्या, बरणीच्या भिंतींना घाम सुटला, की एकीचा रोग सगळ्यांना. आपल्या जिल्ह्यात तुती लावून रेशीम करणारे आहेत. जमलं तर मुलाला एकदा त्यांचं अळ्यांचं घर दाखवा. चार काती, पाच अवस्था, पंचवीस-अठ्ठावीस दिवस, आणि त्या सगळ्या दिवसांत त्या माणसाचं निम्मं काम म्हणजे साफसफाई. अळ्या कात टाकायला बसल्या की तो पाला बंद करतो, वर चुना भुरभुरतो, अंथरूण कोरडं ठेवतो. कन्नड शेतकरी या बसण्याला 'ज्वर' म्हणतात. हुळ, म्हणजे अळी, ज्वराला बसलं की त्याला हात लावायचा नाही. मला हा शब्द फार आवडतो. आपल्या मुलांना अळी एक दिवस हलली नाही की ती आजारी वाटते, मेलेली वाटते, आणि मग काडीनं ढोसणं सुरू होतं. तिला ज्वर आलाय म्हटलं की मूल आपोआप हात मागं घेतं.

तर बरणी सोडा. तोंड रुंद असलेलं काहीही घ्या, जुना डबा, पुठ्ठ्याचं खोकं, आणि तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. तळाला वर्तमानपत्र, रोज बदलायचं. कढीपत्त्याची फांदी छोट्या बाटलीतल्या पाण्यात उभी करा, पण बाटलीचं तोंड कापसानं गच्च बुजवा, नाहीतर अळी देठावरून उतरून सरळ पाण्यात जाते. पान पावसाचं असेल तर फडक्यानं पुसून द्या. आणि पाला परसातलाच. बाजारातल्या जुडीवर काय मारलंय ते कुणाला माहीत; धुतल्यानं सगळं जात नाही. अळी चिमटीत धरून उचलायची नाही. ज्या पानावर आहे त्या पानासकट नव्या फांदीवर ठेवायची, ती भूक लागली की चालत जाते.

आणि आणायची ती अंडं असतानाच, किंवा अगदी लहान, पक्ष्याची शिट वाटते एवढी असताना. या पाकोळीची अळी पहिल्या चार अवस्थांत शिटेसारखीच दिसते, पाचवीत एकदम हिरवी होते. हिरवी होईपर्यंत ती बाहेर राहिली तर माशीला तिच्यापर्यंत पोचायला भरपूर वेळ मिळालेला असतो. तुमच्या मुलानं बहुतेक मोठ्या, ठळक दिसणाऱ्या हिरव्या अळ्या वेचल्या. आपण सगळेच तसं करतो. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं, एकेकटं अंडं शोधायला सांगा. ते सापडायलाच एक सकाळ जाते आणि ती सकाळ वाया जात नाही. तीन-चार दिवसांत फुटतं. हिरव्या अळीच्या डोक्यामागं हलकेच बोट टेकलं तर दोन लालसर शिंगं बाहेर काढून ती उग्र वास सोडते. एकदा करू द्या. रोज नको.

केसाळ अळीला मात्र हात नाही. शेवग्याच्या खोडावर झुबक्यानं बसणारे सुरवंट, आंब्यावरचा घुला, यांची खाज दोन दोन दिवस जात नाही, आणि अशा एका प्रसंगानं मुलाचं सगळं वेड उतरतं.

माझीही एक चूक सांगतो. बेळगावात शहापूरला आमच्या जुन्या घरी दारात तगर होती. तिच्यावर एका भाद्रपदात बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी सापडली, मानेजवळ दोन निळे डोळे, शेपटाला आकडा. मी तिला डब्यात घेतली, दहा दिवस पाला घातला. एका संध्याकाळी ती तपकिरी पडली, खायची थांबली आणि रात्रभर डब्यात गोल गोल फिरत राहिली. मला वाटलं, रोग लागला. इतरांना लागू नये म्हणून मी तिला सकाळी बाहेर फरशीवर सोडली, आणि कावळ्यानं उचलली. पुढं कळलं की कण्हेर-तगरीवरच्या या पतंगाची अळी कोषात जायच्या आधी रंग बदलते आणि खाली उतरून पाचोळ्यात, मातीत जागा शोधत फिरते. ती माती मागत होती. डब्यात वीतभर माती आणि चार वाळकी पानं असती तर काम झालं असतं. तेव्हा पतंगाची अळी पाळाल तर माती ठेवा. फुलपाखराला माती नको, उभी काडी हवी.

चुरगळलेल्या पंखांचं कारणही डब्यातच आहे. कोषातून निघालेलं फुलपाखरू ओल्या रुमालासारखं असतं. त्याला वर चढून, पंख खाली लोंबतील असं टांगून घ्यावं लागतं, तेव्हा त्यात रक्त भरून ते उलगडतात आणि तास-दोन तासांत वाळतात. प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर पाय ठरत नाहीत. ते घसरून तळाशी पडतं आणि पंख तसेच वाळतात. एकदा वाळले की दुरुस्ती नाही. त्या एकाला साखरपाण्यात भिजवलेला कापूस द्या आणि फुलझाडावर ठेवा. पाकोळीचं आयुष्य तसंही थोड्या दिवसांचं. कोष फुटल्यावर खाली लालसर थेंब सांडतो तो बघून पुष्कळ मुलं घाबरतात. ते रक्त नव्हे, कोषातला साठलेला मळ आहे, हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्या यजमानांना मात्र माझा स्पष्ट नकार कळवा. बाहेरगावाहून पोस्टानं आलेल्या कोषाबरोबर काय येईल सांगता येत नाही. १९८० साली बंगालहून आलेल्या रेशीमकोषांबरोबर रेशमाच्या अळीला खाणारी उझी माशी कर्नाटकात शिरली, आणि तेव्हापासून इथला रेशीम शेतकरी खिडक्या-दारांना जाळ्या मारत बसलाय. ती तुमच्या घरात निघालेल्या मोठ्या माशीच्याच कुळातली. शिवाय काही फुलपाखरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विकणाऱ्याला त्याची फिकीर असेलच असं नाही. खानापूरकडं सहलीला गेलात तर भीमगडच्या जंगलातूनही काही उचलून आणायचं नाही. तिथलं तिथं बघायचं.

पतंगच हवेत तर तगर आहेच. परसात एरंड असेल तर त्यावरही अळ्या मिळतील. पण त्याआधी एक पानफुटीची कुंडी ठेवून बघा. तिच्यावर एक छोटं फुलपाखरू येतं, वरून काळं, खाली पांढऱ्यावर काळे ठिपके आणि नारिंगी पट्टा. त्याची अळी पानाच्या आत, दोन सालींच्या मध्ये राहते आणि आतूनच खात जाते. पान उजेडाकडं धरलं की आत अळी सरकताना दिसते. डबा नको, जाळी नको, काही नको. दारातल्या पांढऱ्या-लाल कण्हेरीच्या पानांमागंही बघा. तिथं काळ्या-तपकिरी पाकोळीचा कोष लोंबतो तो चांदीच्या डुलासारखा चकचकतो. सासूबाईंना दाखवा. तो दाखवल्यावर कढीपत्त्याबद्दलचं बोलणं सोपं जाईल.

कढीपत्त्याचं बोलणं मात्र टाळू नका. तक्रार रास्त आहे, झाड त्यांचं आणि फोडणीही त्यांची. मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळांतून धुमारे फुटतात, त्यातला एक मुळासकट काढून वेगळ्या डब्यात लावा आणि 'हे अळ्यांचं' असं ठरवून टाका. त्यांच्या झाडावर दिसली की पोरानं उचलून इकडं आणायची. झाड खराटा झालंय ते पुन्हा फुटतं, महिन्याभरात त्यांनाच जास्त पालवी मिळेल. हे मी सांगितलं म्हणून सांगू नका, त्यांना स्वतःला दिसू द्या.

राहिला तो एक कोष. टाकू नका. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतल्या पंखांवरची नक्षी बाहेरून दिसायला लागते. पूर्ण काळा, हलका, कुरकुरीत झाला तर मेला समजा. अजून हिरवा किंवा तपकिरी असेल, बोट लावल्यावर किंचित हलत असेल, तर जिवंत आहे. थंडी लागली की काही कोष जास्त दिवस थांबतात. काडीसकट खिडकीच्या जाळीला दोऱ्यानं बांधा, खाली फडकं टाका. आत काय आहे, पाकोळी की आणखी माश्या, हे तुम्हाला आणि त्याला एकदमच कळू द्या. आणि निघेपर्यंत त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन लावू नका, त्या धुरानं पाकोळी आणि माशी दोन्ही मरतात.